शहर ओळखीचं करून घेताना: परदेशात शिकायला आलेल्यांसाठी

बँकेतलं खातं, सिम कार्ड, ओळखपत्र, भाडेकरार ही कामं पहिल्या पंधरवड्यात उरकतात, आणि त्यांची यादी विद्यापीठ हातात देतंच. इथे त्याच्या पुढचं लिहिलं आहे. नवीन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे पहिले दोन-तीन महिने खोली, वर्ग आणि पुन्हा खोली एवढ्यातच जातात. शहर म्हणजे भुयारी रेल्वेची पाच-सहा स्टेशनं, मधलं सगळं कोरं. मग एखाद्या शनिवारी प्रसिद्ध ठिकाणांची यादी घेऊन धावपळ होते, फोटो निघतात आणि रविवारी पुन्हा परकं वाटायला लागतं. शहर ओळखीचं होतं ते छोट्या गोष्टी पुन्हा पुन्हा पाहिल्याने. त्याला पैसे फारसे लागत नाहीत, थोडी पद्धत मात्र लागते.

आधी एक किलोमीटर

साधारण चालीने माणूस तासाला पाच किलोमीटर चालतो, म्हणजे बारा मिनिटांना एक किलोमीटर. पहिल्या आठवड्यात चार संध्याकाळी एवढंच करा: खोलीच्या दारातून रोज एका वेगळ्या दिशेला बारा-पंधरा मिनिटं चालत जा आणि परतताना शेजारचा समांतर रस्ता धरा. चार दिवसांत दारापासून किलोमीटरभराचा परिसर पायाखालून जातो. औषधांचं दुकान, उशिरापर्यंत उघडं असलेलं दुकान, सार्वजनिक स्वच्छतागृह, पिण्याच्या पाण्याचा नळ, ऊन येणारा बाक आणि वाचनालय कुठे आहे हे पाहून ठेवा. बसचे दोन्ही दिशांचे थांबेही शोधून ठेवा. परतीचा थांबा समोरच असेल असं धरून चालू नका. एकेरी रस्ते असले की तो शेजारच्या रस्त्यावर असतो आणि हे नेमकं रात्री साडेदहाला कळतं.

फोनवरच्या नकाशात एक बदल आजच करा: उत्तर कायम वर राहील असं सेटिंग ठेवा. आपण वळलो की नकाशाही वळणारं सेटिंग सोयीचं वाटतं, पण त्यात प्रत्येक वळणावर चित्र बदलतं आणि डोक्यात एक पक्का आराखडा बसतच नाही. उत्तर वर ठेवली तर पहिले तीन-चार दिवस गोंधळ होतो, नंतर नकाशा उघडायची गरजच कमी होते. शहराचा नकाशा फोनमध्ये उतरवूनही ठेवा, भुयारातून वर आल्यावर नेटवर्क यायला वेळ लागतो.

उंच इमारतींच्या मध्ये जीपीएसचा ठिपका शेजारच्या गल्लीत उडी मारतो. उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने फोनपर्यंत येतो, त्यामुळे अंतराचं गणित चुकतं आणि कधी कधी चूक पन्नास मीटरपर्यंत जाते. अशा वेळी ठिपक्याच्या मागे फिरण्यापेक्षा मोकळ्या चौकात जाऊन मिनिटभर थांबा, किंवा सरळ रस्त्याची पाटी आणि घरक्रमांक वाचा.

घरक्रमांक वाचता येणं ही मोठी मौजेची गोष्ट आहे. प्रत्येक शहराने त्यात आपला स्वभाव ओतलेला असतो. पॅरिसमध्ये सेन नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक नदीच्या टोकापासून सुरू होतात, आणि नदीला समांतर असलेल्या रस्त्यांचे क्रमांक प्रवाहाच्या दिशेने वाढतात. हे माहीत असलं की अनोळखी रस्त्यावर दोन दारं पाहूनही नदी कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. बर्लिनच्या कित्येक जुन्या रस्त्यांवर क्रमांक एका बाजूने टोकापर्यंत जातात आणि दुसऱ्या बाजूने उलटे परत येतात. म्हणजे १२ च्या समोर १३ असेलच असं नाही, १२० सुद्धा असू शकतो. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या आखीव भागात, १८११ च्या आराखड्यानुसार, उत्तर-दक्षिण चालताना साधारण वीस चौक (एका नाक्यापासून पुढच्या नाक्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक चौक) म्हणजे एक मैल, म्हणजे एक चौक सुमारे ८० मीटर. पण पूर्व-पश्चिम चौक याच्या दुप्पट-तिप्पट लांब आहेत, म्हणून "फक्त चार चौक" ऐकलं की आधी दिशा विचारावी. जपानी शहरांत बहुतेक रस्त्यांना नावंच नसतात. क्रमांक असतो तो घरांच्या गटाला, आणि त्या गटातले जुने क्रमांक घरं बांधली गेली त्या क्रमानेही असू शकतात. तुमच्या शहराची पद्धत कोणती, हे पहिल्या आठवड्यात दोन रस्ते टोकापर्यंत चालून शोधून काढा. पाट्यांच्या जागेकडेही लक्ष ठेवा. काही शहरांत रस्त्याचं नाव खांबावर असतं, काहींत कोपऱ्यावरच्या इमारतीच्या भिंतीवर, आणि चुकीच्या उंचीवर शोधत राहिलं की पाटी समोर असून दिसत नाही.

भुयारी रेल्वेचा नकाशा आणि खरं अंतर

भुयारी रेल्वेचे नकाशे आज जगभर ज्या शैलीत दिसतात तिचा नमुना लंडनमध्ये १९३३ साली छापला गेला. हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने काढलेल्या त्या नकाशात सगळ्या रेषा उभ्या, आडव्या किंवा ४५ अंशांत होत्या, आणि गर्दीचा मध्यभाग वाचता यावा म्हणून फुगवलेला होता. प्रवासाला तो उत्तम आहे, अंतराला मात्र नाही. लंडनमध्येच लेस्टर स्क्वेअर आणि कोव्हेंट गार्डन या दोन स्टेशनांमध्ये सुमारे २६० मीटर अंतर आहे. जिने उतरून, गाडीची वाट पाहून, पुन्हा वर येईपर्यंत चालणारा माणूस दोनदा पोहोचतो. तुमच्या शहरातही अशा जोड्या असतात. खरा नकाशा आणि रेल्वेचा नकाशा शेजारी ठेवा आणि पंधरा मिनिटांत चालता येतील अशा जोड्या काढा. त्यामुळे गाडी बदलण्याची लांब भुयारं टळली तर वेळही वाचतो आणि वरचं शहर जोडलं जातं.

गाडी येण्याआधी फलाटावर वारा येतो. बोगद्यात गाडी दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते, म्हणून आवाजाच्या आधी, दिवे दिसण्याच्या आधी, गालाला झुळूक लागते. महिनाभरात ही झुळूक ओळखता यायला लागते. डबा निवडताना जिन्याजवळचा टाळा. सगळे धावत आलेले तिथेच चढतात. फलाटाच्या टोकापर्यंत चाललात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता जास्त. सरकत्या जिन्यावर कोणत्या बाजूला उभं राहायचं ते पुढच्या माणसाकडे बघून ठरवा: लंडनमध्ये उजवीकडे, टोकियोत डावीकडे, आणि त्याच देशातल्या ओसाकात पुन्हा उजवीकडे.

बस मात्र शहर दाखवते. रविवारी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, घराजवळून जाणाऱ्या एखाद्या साध्या, जलद नसलेल्या मार्गावर पहिल्या थांब्यापासून शेवटच्यापर्यंत जा. दुमजली असेल तर वरची, पुढची जागा. निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघा: तुमचं तिकीट किती वेळ चालतं, आणि शेवटच्या थांब्यावरून परतीची बस किती वेळाने सुटते. रविवारी उपनगरात हे अंतर तासाभराचंही असू शकतं.

बराच वेळ बस आली नाही आणि मग गच्च भरलेली आली, तर चढायची घाई करू नका. मागे बघा. उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं मिळतात, चढाउतरायला जास्त वेळ लागतो, म्हणून ती अजून मागे पडते. तिच्या मागच्या बसला थांब्यांवर माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पुढचीला येऊन गाठते. मिनिटा-दोन मिनिटांत बहुधा रिकामी बस येते. थांब्यावरच्या फलकावर किंवा अॅपवर तेवढं पाहून घ्या.

ऊन आणि सरळ रस्ता

उष्ण कटिबंधातून आलेल्यांना सगळ्यात अनपेक्षित असतं ते ऊन. ५२ अक्षांशाच्या आसपासच्या शहरात डिसेंबरच्या शेवटी भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो आणि दिवस पावणेआठ तासांचा. जूनमध्ये तोच सूर्य ६१ अंशांपर्यंत चढतो आणि दिवस पावणेसतरा तासांचा होतो. ४० अक्षांशावर फरक कमी असला तरी डिसेंबरचा सूर्य २७ अंशांच्या वर जात नाही. म्हणून उत्तर गोलार्धात खोली बघताना खिडकी कोणत्या दिशेला आहे हे भाड्याइतकंच महत्त्वाचं. दक्षिणेची खिडकी असेल तर हिवाळ्यातलं तिरपं ऊन थेट आत येतं. उत्तरेची असेल तर हिवाळाभर ते फक्त समोरच्या भिंतीवर दिसतं. दक्षिण गोलार्धात हे सगळं उलट.

होकायंत्र जवळ नसेल तर गच्च्यांवरच्या टीव्हीच्या तबकड्या बघा. ज्या उपग्रहांकडे त्या रोखलेल्या असतात ते विषुववृत्ताच्या वर असतात, त्यामुळे उत्तर गोलार्धात तबकड्यांचं तोंड साधारण दक्षिणेकडेच असतं, थोडं आग्नेयेला किंवा नैर्ऋत्येला.

हिवाळ्यात सकाळी अर्धा तास बाहेर पडा, ढग असले तरी. वर्गातला प्रकाश तीनशे ते पाचशे लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजण्याचं एकक) आसपास असतो, तर ढगाळ आकाशाखालीही दिवसा काही हजार लक्स मिळतात. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. शरीराच्या घड्याळाला जाणवतो. पहिल्या हिवाळ्यात मन उगाच जड झालं तर हे आधी करून बघा, आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर विद्यापीठाच्या डॉक्टरांकडे जा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आता शहरातला सगळ्यात सुंदर फुकटचा खेळ. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास, मॅनहॅटनच्या आडव्या रस्त्यांच्या अगदी टोकावर सूर्य मावळतो आणि दोन्ही बाजूंच्या काचा पेटल्यासारख्या दिसतात. तिथले रस्ते खऱ्या दिशांपेक्षा २९ अंश कललेले असल्यामुळे तो दिवस तेव्हा येतो. पण कोणत्याही शहरातल्या बऱ्याच सरळ रस्त्यांना असे दोन दिवस असतात. तुमच्या रस्त्याचे दिवस तुम्हाला काढता येतात.

उत्तर वर असलेला नकाशा छापा किंवा पडद्यावर उघडा. रस्त्याचं पश्चिमेकडचं टोक उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किती अंशांवर आहे, हे कोनमापकाने मोजा. बरोबर पश्चिम म्हणजे २७०. ४० अक्षांशावर सूर्य वर्षभरात सुमारे २३९ ते ३०१ अंशांच्या दरम्यान मावळतो. ५२ अक्षांशावर ही पट्टी रुंदावून २३० ते ३१० होते. तुमचा आकडा या पट्टीत असेल तर सूर्यास्ताची दिशा दाखवणाऱ्या कुठल्याही तक्त्यात किंवा अॅपमध्ये तो दिवस शोधा. नसेल तर पूर्वेकडचं टोक सूर्योदयासाठी तपासू नका, तेही जुळणार नाही, कारण उदयाची पट्टी अस्ताच्या पट्टीचंच प्रतिबिंब असते. मात्र तुमच्या रस्त्याचं पश्चिमेचं टोक इमारतीने अडलेलं असेल आणि पूर्वेचं उघडं असेल, तर पहाटे उठणं सार्थकी लागतं.

चुका होतात त्या ठरावीक. फोनचं होकायंत्र गाड्या, लोखंडी कठडे, पूल यांच्या जवळ सरळ खोटं बोलतं, म्हणून कोन नकाशावर मोजणं बरं. मार्च आणि सप्टेंबरमध्ये अस्ताची जागा रोज अर्ध्या अंशाहून जास्त सरकते, म्हणजे सूर्याच्या स्वतःच्या रुंदीएवढी किंवा त्याहून जास्त. तेव्हा दोन-तीन दिवसांत संधी जाते. जून आणि डिसेंबरच्या मध्यानंतर सूर्य जवळजवळ तिथेच घुटमळतो, त्यामुळे ढगाळ संध्याकाळ आली तरी उद्या मिळते. रस्त्याचं टोक उंचावर असेल तर अस्ताच्या छापील वेळेआधीच सूर्य अडतो, म्हणून वीस मिनिटं आधी जा. पदपथावर किंवा रस्त्यामधल्या बेटावर उभे राहा, गाड्यांच्या वाटेत कधीही नको. कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे पाहू नका.

रात्रीच्या आकाशातलं एक सांगून पुढे जाऊ. दिव्यांच्या झगमगाटात तारे दिसत नाहीत, पण आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दिसतं. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून ते दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतं. अस्तानंतरच्या किंवा उदयाआधीच्या दीड-दोन तासांत, जेव्हा खाली अंधार आणि वर त्याच्यावर ऊन असतं, तेव्हा न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. लाल-हिरवे लुकलुकणारे दिवे दिसले तर ते विमान समजा. स्थानक दिसण्याच्या वेळा तुमच्या शहरासाठी आधीच प्रसिद्ध होतात.

वाचनालयात अभ्यासाशिवाय

विद्यापीठाचं वाचनालय सगळे वापरतात, शहराचं सार्वजनिक वाचनालय फार थोडे. पत्त्याचा पुरावा आणि ओळखपत्र एवढ्यावर बहुतेक ठिकाणी कार्ड मिळतं, आणि त्यावर पुस्तकांशिवाय संगीताच्या छापील स्वरलिप्या, नकाशे, भाषेचे ऑनलाइन वर्ग, काही शहरांत संग्रहालयाचे पासही मिळतात. काय काय मिळतं ते काउंटरवर विचारा. संकेतस्थळावर हे कुठेतरी खोल दडलेलं असतं.

अनोळखी भाषेच्या वाचनालयातसुद्धा क्रमांकांवरून वाट सापडते. मेल्विल ड्यूईची दशमान वर्गीकरण पद्धत १८७६ साली आली आणि आज असंख्य वाचनालयं ती वापरतात. ७२० वास्तुकला, ७८० संगीत, ५९८ पक्षी, ९१२ नकाशे. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत मात्र अक्षरांची पद्धत असते, तिथे भूगोल 'G' मध्ये, संगीत 'M' मध्ये, कला 'N' मध्ये. आमची शिफारस ९१२ पासून सुरू करायची, आणि तिथून स्थानिक इतिहासाच्या कपाटाकडे जायचं. तुमच्या गल्लीचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा मागा. तो बहुधा बंद कपाटातून येतो, म्हणून आदल्या दिवशी विनंती द्यावी लागते, आणि जुन्या कागदांजवळ शाईचं पेन चालत नाही, पेन्सिल न्यावी लागते. त्या नकाशावर आजचा वाकडा रस्ता पूर्वीचा ओढा निघतो, आडवी लांबट बाग जुनी रेल्वे निघते. दुसऱ्या दिवशी तिथून चालताना उतार पायांना कळतो.

संग्रहालय, मैफल

संग्रहालयात तासाभराने पाय दुखतात आणि चित्रं एकसारखी दिसायला लागतात. याला नाव आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली 'संग्रहालयाचा थकवा' यावर लेख लिहिला. वाकून, मान उंचावून, अवघडून वस्तू पाहणाऱ्या माणसाची छायाचित्रं काढून मांडणीतले दोष त्यांनी दाखवले होते. तेव्हा तुमची आवड कमी आहे असं समजू नका. पाऊण तास ठरवा, दोन दालनं निवडा, आणि एका वस्तूसमोर सलग दहा मिनिटं बसा. पहिली तीन मिनिटं कंटाळा येतो. मग कडेचे रंग, दुरुस्तीच्या खुणा, उजेड कुठून येतोय हे दिसायला लागतं. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच वस्तूकडे जा. प्रवेश फुकट असलेल्या दिवशी गर्दी असते. आठवड्यातून एखाद्या दिवशी संग्रहालय रात्री उशिरापर्यंत उघडं असेल तर त्या दिवसाचा शेवटचा दीड तास सर्वात शांत. जड पाठपिशवी आत चालत नाही, लॉकरसाठी सुटं नाणं जवळ ठेवा.

संगीताचं शिक्षण देणारी संस्था शहरात असेल तर तिथल्या विद्यार्थ्यांच्या मैफली बहुधा फुकट असतात आणि दर्जा थक्क करणारा असतो. मोठ्या सभागृहांत विद्यार्थ्यांसाठी ऐन वेळची स्वस्त तिकिटं असतात, ओळखपत्र दाखवावं लागतं. वाद्यवृंदाच्या मागच्या जागा स्वस्त मिळाल्या तर घ्या. बर्लिनच्या फिलहार्मोनीत, हान्स शारून यांनी बांधलेल्या आणि १९६३ साली उघडलेल्या सभागृहात, श्रोते वादकांच्या चारही बाजूंना बसतात, आणि मागून वाद्यवृंदाच्या संचालकाचा (कंडक्टरचा) चेहरा दिसतो. फक्त गायन असेल त्या दिवशी त्या जागा टाळा, कारण गायकाचं तोंड दुसरीकडे असतं आणि शब्द पुसट येतात. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभं राहून ऐकण्याच्या जागा आहेत; तिथले जाणकार कठड्याला स्कार्फ बांधून आपली जागा राखत असत. कुठेही जा, उशिरा पोहोचू नका. दार बंद झालं की पहिल्या विरामापर्यंत बाहेर थांबावं लागतं.

माणसं

"मित्र होत नाहीत" ही तक्रार तिसऱ्या महिन्यात हमखास येते, आणि तिचं उत्तर बऱ्याच अंशी तासांत आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज निघाला की ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, आणि जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. स्वागत समारंभात तीस जणांशी पाच-पाच मिनिटं बोलून कोणाचेच तास भरत नाहीत. आठवड्यातून दोन तास त्याच माणसांसोबत घालवलेत तर पंचवीस आठवड्यांत पन्नास तास होतात. म्हणून एकच उपक्रम निवडा, दर आठवड्याला ठरलेल्या वेळी होणारा, आणि ज्यात हातांना काम असेल असा: समूहगान, मातीकाम (भांडी घडवणं), गिर्यारोहण, सायकल दुरुस्ती, पक्षीनिरीक्षण. हाताला काम असलं की भाषा अडखळली तरी चालतं, आणि गप्प बसणं अवघड वाटत नाही. पहिल्या तीन वेळा उगाचच गेलो असं वाटेल. चौथ्या-पाचव्या वेळी कोणीतरी तुमचं नाव उच्चारायचा प्रयत्न करतं. त्याला हळू, तोडून, दोनदा सांगा आणि त्याचं नाव त्याच्याकडून तसंच शिकून घ्या.

आपल्या भाषेतल्या मंडळींना जरूर भेटा, सणाला तर नक्कीच. पण आठवड्याची ती ठरलेली संध्याकाळ त्यांच्यासाठी मोडू नका. विद्यापीठाच्या मंडळांची नावनोंदणी बहुधा सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत होते. मातीकामासारख्या गटात चाकं मोजकी असतात आणि जागा पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा नावनोंदणीच्या मेळाव्याला दुपारी न जाता दार उघडतानाच जा.